तुटलेली दाढ: वाचवायची की काढायची, हे कसं ठरवायचं

चिक्की चावताना किंवा भातात खडा येऊन दाढेची एक बाजू निघून येते. बऱ्याचदा आत जुनं मोठं सिमेंट असतं, म्हणजे दाढ आधीच पोकळ झालेली असते. खडा फक्त निमित्त. पुढचा निर्णय मात्र बहुतेक जण दुखण्यावर घेतात: दुखत असेल तर काढून टाका, नसेल तर राहू दे. इथेच चूक होते. नस मेलेली दाढ दुखत नाही, पण मुळाच्या टोकाशी पू साठत राहू शकतो. उलट रात्रभर ठणकणारी दाढ कित्येकदा छान वाचण्यासारखी असते. खरं बघायचं ते हिरडीच्या वर निरोगी दात किती उरलाय.

पहिल्या दिवशी कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा आणि दुसऱ्या बाजूने चावा. दाढेत अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवू नका, हिरडी भाजते. केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. नस सुजल्यामुळे होणाऱ्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही. कॅप निघाली असेल तर ती डबीत घालून सोबत न्या. गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, असं झालं तर उद्यावर न ढकलता लगेच हॉस्पिटल गाठा.

दवाखान्यात मुळाच्या टोकापर्यंतचा छोटा एक्सरे निघाला पाहिजे. पण नुसत्या एक्सरेवर 'वाचेल' किंवा 'वाचणार नाही' हे पक्कं सांगता येत नाही. आधी जुनं सिमेंट आणि सगळी कीड काढावी लागते, मगच भिंती किती उरल्या ते कळतं. डॉक्टरांना थेट विचारा: 'कीड काढल्यावर हिरडीच्या वर चारही बाजूंनी दोन मिलिमीटर चांगला दात मिळेल का?' सगळा निर्णय या दोन मिलिमीटरवर फिरतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी बाहेरून आवळून धरते, तशी कॅप खऱ्या दाताला आवळते. पकडायला दातच नसेल तर चावण्याचा सगळा भार आत भरलेल्या मसाल्यावर आणि मुळाच्या आत बसवलेल्या पोस्टवर (बारीक दांडीवर) येतो. मग काही महिन्यांत कॅप मसाल्यासकट हातात येते, नाहीतर मूळ उभं चिरतं. पोस्टमुळे दाढ मजबूत होते हा गैरसमज आहे. पोस्ट फक्त मसाला धरून ठेवतो.

दुसरा प्रश्न चिरेचा. तिरकी चीर जाऊन एखादा उंचवटा निघाला असेल तर दाढ सहसा वाचते. चीर पुढून मागे जात नसेच्या पोकळीच्या तळापर्यंत पोचली असेल, तर वाचण्याची आशा फार थोडी. मूळच उभं फाटलं असेल तर मात्र दाढ बहुधा काढावीच लागते. अशा चिरा एक्सरेत बहुधा दिसत नाहीत. चावून सोडताना कळ येणं, हिरडीत एकाच जागी डॉक्टरांची मोजायची सळई खोल जाणं, या खुणा जास्त बोलक्या असतात.

नस उघडी पडली नसेल आणि थंड लागताच दाढेत क्षणभरच कळ येत असेल, तर रूट कॅनॉलशिवाय नुसती कॅप किंवा ऑनले (दाढेचा वरचा तुटका भाग झाकणारं आवरण) पुरतो. नसेपर्यंत तूट गेली असेल तर रूट कॅनॉल, मसाला, कॅप असा क्रम. वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांत बहुधा नसेची चौथी बारीक नळी असते. ती सुटली की पुन्हा दुखतं. काम चालू असताना दाढेभोवती रबरी पडदा लावतात का, हेही विचारा. त्याने लाळ आत जात नाही. आणि रूट कॅनॉल झालं, दुखायचं थांबलं, म्हणून कॅप लांबवू नका. अशा दाढा कॅपअभावीच पुन्हा तुटतात, आणि तेव्हा तूट हिरडीखाली गेलेली असते.

तूट थोडीच हिरडीखाली असेल तर हिरडी आणि गरजेपुरतं हाड कमी करून दात वर उघडा करता येतो. हाडाच्या कडेपासून कॅपच्या कडेपर्यंत साधारण तीन मिलिमीटर जागा लागते, आणि पक्की कॅप सहा ते आठ आठवड्यांनी बसते. दाढेच्या बाबतीत एक धोका: हाड जास्त गेलं तर दोन मुळांमधला सांधा उघडा पडतो, तिथे ब्रश पोचत नाही. तसं होणार असेल तर दाढ काढलेली बरी.

काढायचं ठरलं तर औषधांची यादी आधी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर नक्की सांगा, कारण काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याची शक्यता असते. अशा माणसाचं रूट कॅनॉल करून मुळं तशीच ठेवणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. काढल्यावर चोवीस तास जोरात चूळ नाही. तंबाखू, मिश्री आणि सिगरेट तर नाहीच. रक्ताची गाठ निघाली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी भयंकर कळ सुरू होते.

रिकाम्या जागेत इम्प्लांट (हाडात रोवलेला स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवायला हाड लागतं आणि काही महिन्यांची वाट बघावी लागते. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी, ते शेजारचे दात घासून बारीक करावे लागतात. ते धडधाकट असतील तर हा सौदा महाग आहे. काढलेली दाढ अक्कलदाढ असेल तर काही न बसवणंही ठीक.

खर्च विचारताना एक्सरे, रूट कॅनॉल, मसाला आणि कॅप यांचा एकत्र आकडा लेखी घ्या, कारण नुसता रूट कॅनॉलचा भाव स्वस्त वाटतो. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील या डेंटल कॉलेजांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ही कामं होतात. तिथे एका दाढेसाठी जास्त फेऱ्या पडतात, तेव्हा कॅप होईपर्यंतच्या सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी मागून घ्या.