आगोटीसाठी हवा ओढायचं मशीन घेताना

चिपळुणात मी गेली 31 वर्षं मिक्सर, इस्त्र्या आणि गीझर दुरुस्त करतोय. व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवणारी मशीनं, माझ्या टेबलावर यायला लागली ती 2021 च्या महापुरानंतर. 22 जुलैला पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच करायची, बेगमी भरून जेमतेम महिना झाला होता. आमच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. आमच्या हिनं तांदूळ, कुळीथ, सोडे (वाळवलेली कोळंबी), मिरच्या सगळं त्या खुणेच्या वीतभर वर मांडलं होतं. पाणी त्याच्याही वर गेलं. स्टीलचे डबे तरंगले, कलंडले, झाकणं सुटली. चिखल उपसताना कुळीथ मोड आलेले सापडले.

त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, 'काका, ते हवा काढून पॅक करायचं मशीन कुठलं घेऊ?' मी विकत काहीच नाही, बिघडलेलं तेवढं उघडतो. त्यामुळे मला ही मशीनं आतून माहीत आहेत. आतला ऐवज फार नाही: एक छोटा पंप, विजेवर तापणारी एक नायक्रोमची पट्टी, तिच्यावर टेफ्लॉनची टेप, हवा अडवणारी दोन स्पंजाची गॅस्केटं आणि एक सर्किट. बाहेरचं प्लॅस्टिक कितीही चकचकीत असो.

आधी एक घोळ मिटवू. बचत गटाच्या बायका पापड-फेण्यांच्या पिशव्या बंद करायला जे वापरतात, वरून दांडा दाबायचं, ते हँड सीलर. ते पिशवीचं तोंड चिकटवतं, हवा काढत नाही. 'सीलर द्या' म्हटलं की कित्येक दुकानदार तेच हातात ठेवतात. चकल्या चार आठवडे खुसखुशीत ठेवायच्या असतील तर तेवढं पुरतं आणि स्वस्तातही पडतं. वर्षभराचे सोडे ठेवायचे असतील तर पुरत नाही.

हवा ओढणाऱ्यांत दोन जाती. घरगुती मशीनमध्ये पिशवीचं फक्त तोंड आत जातं, बाकी पिशवी बाहेर ओट्यावर पडून असते. दुसरं चेंबरचं. त्यात अख्खी पिशवी पेटीत ठेवून झाकण लावायचं. पेटीतलीच हवा जाते, पिशवीच्या आतबाहेर दाब सारखा उतरतो, म्हणून आमरस किंवा सार भरलेली पिशवीही त्यात नीट बंद होते. बाहेरून ओढणाऱ्या मशीनमध्ये तोच आमरस हवेबरोबर पंपात जातो. मग ते मशीन माझ्याकडे येतं आणि मे महिन्यात माझ्या टेबलाला हापूसचा वास सुटतो. पण चेंबरचं मशीन दोघांनी उचलायचं असतं आणि किंमत घरगुतीच्या कितीतरी पट. काजूचा नाहीतर मसाल्याचा धंदा असेल तर जरूर घ्या. चार माणसांच्या घरात ते महिन्याभरात टेबलक्लॉथखाली जातं.

आता खोक्यावरचा आकडा. 60 केपीए, 80 केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. हवेचा दाब साधारण 101 केपीए. म्हणजे 60 वालं मशीन पिशवीत दोन पंचमांश हवा तशीच ठेवतं, 80 वालं एक पंचमांश. फरक आहे, नाही असं नाही. पण माझ्याकडे तक्रार येते ती 'हवा कमी ओढते' अशी नसते. तक्रार असते, 'काका, पंधरा दिवसांनी पिशवी पुन्हा फुगली.' ओढलेली हवा चिकटवणीतून परत आत शिरलेली असते. म्हणून आकड्यापेक्षा पट्टी बघा. झाकण उघडा, चिकटवायची पट्टी किती रुंद आहे ते नखानं अजमावा. काहींची दोन मिलीमीटर असते, काहींची पाच. रुंद घ्या. दोन रेघा मारणारं मिळालं तर उत्तमच. नाहीतर एक रेघ मारून पिशवी सेंटीमीटरभर सरकवायची आणि फक्त सीलचं बटण पुन्हा दाबायचं. माझ्या घरी हाच प्रकार चालतो.

दुकानात एक चाचणी करता येते. रिकाम्या पिशवीत टिश्यूपेपरची घडी घालून पॅक करायला सांगा. घरी आणून ती पिशवी रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर मशीन त्याच दिवशी परत. बिलावर परत करायची मुदत किती आहे ते मात्र आधी विचारून ठेवा.

बटणं किती हवीत? चार. एक आपोआप ओढून बंद करणारं. दुसरं नुसतं सील करणारं. तिसरं ओल्या पदार्थासाठी, त्यात पट्टी जास्त वेळ तापते. चौथं पल्सचं: जितका वेळ दाबाल तितकंच ओढणारं. हे चौथं नसेल तर पोहे, पापड, चिवडा विसरा, सगळ्याचा भुगा होतो. बाकी 'स्मार्ट', 'डिजिटल', निळा दिवा, त्यातलं एकही मी आजवर कामाचं पाहिलेलं नाही.

झाकण दाबून धरावं लागतं की खटका बसतो, तेही पाहून घ्या. वीस पिशव्या करताना मनगट बोलतं. खटक्याचं असेल तर काम झाल्यावर खटका सोडून ठेवायचा. लावून ठेवला की स्पंजाचं गॅस्केट दबून चपटं राहतं आणि पुढच्या आगोटीला मशीन नुसतं घरघरतं. माझ्याकडे येणाऱ्या 'पंप गेला'वाल्या मशीनांतली निम्मी अशीच असतात. म्हणून विकत घेतानाच विचारा, गॅस्केट आणि टेप सुटे मिळतात का? दुकानदार 'त्याची गरजच पडत नाही' म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.

सलग किती पिशव्या चालतात, हाही प्रश्न विचारा. लहान मशीनची पट्टी तापत जाते. दहाव्या पिशवीला प्लॅस्टिक चिकटायच्या ऐवजी वितळून चिरतं. दोन पिशव्यांमध्ये मिनिटभर थांबलं की बहुतेक मशीनं सांभाळून घेतात. हिला ते थांबणं जमत नाही, म्हणून ती भरते आणि मी सील करतो.

परदेशातून कुणाला मशीन आणायला सांगू नका. अमेरिकेतलं मशीन 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडे 230. माझ्या पुतण्यानं हौसेनं आणलं, घरी आल्या आल्या पिन बदलून लावलं. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की पट्टीतली उष्णता पावणेचार पटींच्या आसपास जाते. पहिल्याच पिशवीला धूर. मागचं लेबल वाचा. 220 ते 240 लिहिलेलं नसेल तर भेट म्हणूनही नको.

पिशव्यांचा खर्च लोक धरतच नाहीत. खरा खर्च तिथेच आहे. बाहेरून ओढणाऱ्या मशीनला आतून खरबरीत, चौकटी उमटवलेली पिशवी लागते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि हवेला वाटच राहत नाही. (अडीअडचणीला खरबरीत पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी गुळगुळीत पिशवीच्या तोंडात घालून भागवता येतं. चालतं.) पिशवी नायलॉन आणि पॉलिथिन अशा दोन्ही थरांची हवी. नुसत्या पॉलिथिनमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपत राहतो, मग कितीही ओढा. सुट्या पिशव्यांपेक्षा रोल घ्या. 28 सेंटीमीटर रुंद, 5 मीटर लांब रोलातून 30 सेंटीमीटरच्या 16 पिशव्या निघतात. कापताना तोंडाशी 7-8 सेंटीमीटर रिकामे सोडा. कंजूषपणा केलात तर चिकटवणीत कुळथाचा दाणा अडकतो. जास्त सोडलंत तर तीच पिशवी कापून दुसऱ्यांदा वापरता येते. मशीन कुठल्याही कंपनीचा रोल घेतं ना, याची खात्री करा. स्वतःच्याच पिशव्या लागणारं मशीन स्वस्त मिळालं तरी महाग पडतं.

आता काय भरायचं. पहिली अट, माल कडकडीत वाळलेला हवा. हवा काढल्यानं ओल जात नाही, उलट कोंडली जाते. तांदूळ, डाळ दाताखाली धरा. टक् आवाज करून तुटली तर भरा, दबली तर अजून दोन उन्हं द्या. किडीचं म्हणाल तर टोक्यांची अंडी दाण्यात आधीच असतात. घरगुती मशीन सगळी हवा काढत नाही, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. लहान पिशव्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवा, मग बाहेर काढून गारवा पूर्ण गेल्यावरच उघडा. गार पिशवी उघडली की आत दव धरतं. लाल तांदूळ आणि हातसडी वर्षभर धरू नका. कोंड्यात तेल असतं, त्याला खवट वास येतोच. शेंगदाणे, किसलेलं सुकं खोबरं, काजू यांना मात्र ह्या मशीनचा खरा उपयोग. तेलकट पदार्थ हवेमुळे खवटतात, हवा कमी झाली की बरेच महिने टिकतात.

सोडे आणि सुकट भरताना पिशवीत आधी बटर पेपर गुंडाळा. वाळलेल्या बोंबलाचं टोक सुईसारखं असतं. हवा ओढली की आतून बारीक भोक पडतं, डोळ्यांना दिसत नाही. मिरचीच्या देठांचंही तसंच. बोंबील मऊ लागत असेल तर पिशवी फ्रीजरमध्ये जायला हवी, फळीवर नाही. पिठं, मेतकूट, गोडा मसाला कापडी पुरचुंडीत बांधून मग पिशवीत घाला, नाहीतर पीठ थेट पंपात जातं आणि ते साफ करायला मी पैसे घेतो.

इथे थोडं थांबून वाचा. ओलसर पदार्थ हवा काढून बाहेर ठेवायचे नाहीत. सोललेला लसूण, उकडलेले बटाटे, मशरूम, शिजवलेली भाजी, काही नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसलेल्या ओल्या जागेतच वाढतो आणि त्याचं विष असलेल्या अन्नाला वास यावा, चव बिघडावी असं काही नाही. असे पदार्थ पॅक केले तर फ्रीजरमध्येच. आणि पुरात वीज गेली, फ्रीजर वितळून तास उलटले, तर आतली मासळी नि भाजी पिशवी न फोडता टाकून द्यायची. आमच्या गल्लीत 2021 ला वीज यायला आठवडा लागला होता. पिशवी घट्ट दिसतेय म्हणून माल चांगला, असा हिशेब इथे चालत नाही. कोबी-फ्लॉवर कच्चे भरले की स्वतःच वायू सोडून पिशवी फुगवतात, त्यात मशीनचा दोष नसतो.

पुरासाठीची पेटी वेगळी. ती माळ्यावर, छताला टेकून. तिच्यात असं खाणं हवं ज्याला चूल लागत नाही, कारण गॅसचा सिलिंडरही पुरात तरंगतो. आमच्यात फुटाणे, शेंगदाणे, गूळ, पातळ पोहे, साखर आणि दूध पावडर असते, एका जेवणापुरत्या लहान पिशव्यांत. मोठी पिशवी एकदा फोडली की ओल्या हवेत उरलेलं सादळलं. पाण्याचे कॅन वेगळे भरून ठेवायचे, त्याला सीलर काही करत नाही. पुराच्या पाण्यात पडलेली खाण्याची पिशवी शाबूत दिसली तरी आम्ही खात नाही. त्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं असतं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकाची गोष्ट वर सांगितलीच. पिशवी ओलीपासून वाचवते. पुरापासून माळा वाचवतो.

कागदपत्रांना मात्र हे मशीन सोन्याचं. सातबारा, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी, बँकेचं पासबुक. पंचनाम्याच्या वेळी हेच मागतात आणि हेच लगदा झालेलं असतं. कागदांना हवा ओढायची नाही, सुरकुत्या पडतात. नुसतं सील, दोन रेघा. रक्तदाबाच्या गोळ्यांनाही तसंच, ओढलं तर गोळ्या फुटतात. काडेपेटी आधी छोट्या डबीत घाला आणि तापलेल्या पट्टीपासून चार बोटं लांब धरा. टॉर्चमधून सेल काढून वेगळे ठेवा.

तारीख आणि नाव पिशवी भरण्याआधीच मार्करनं लिहा, नंतर सुरकुत्यांवर अक्षर उठत नाही. मे अखेरीस पेटी खाली उतरवून मागचं खाऊन टाकायचं, नवं भरायचं. ह्या वर्षी हिनं एकटीनं सगळी पेटी भरली, दोन दोन रेघा मारल्या, मी शिडी धरली आणि पेटी वर गेली. ह्या पिशव्या दातांनी फाटत नाहीत, म्हणून मी खालूनच विचारलं, कात्री ठेवलीस ना?

'ठेवली की,' ती वरून म्हणाली. 'पिशवीत. दोन रेघा मारून.'