डिकी डोक्यात पडतेय? स्प्रिंगला हात लावायच्या आधी या चुका टाळा

मागच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेला, पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांना स्टेशनला सोडायला निघालो, चादरींचं गाठोडं आणि शेंगाचटणीचे पुडे डिकीत लावत होतो, जरा आत वाकलो आणि झाकण धाडकन मानेवर. पाहुणे हसले, बायको हसली, मीपण हसलो, पण मान चार दिवस वळत नव्हती. त्यानंतर स्वतःच रिपेरी करायच्या नादात होत्या नव्हत्या तेवढ्या चुका करून बसलो, म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे "स्प्रिंग गेली" असं लगेच ठरवून टाकणं. सेडान असेल तर डिकी उघडून आत वर बघा, बहुतेक गाड्यांत मागच्या काचेखालच्या पत्र्याला लागून दोन बारीक लोखंडी सळ्या आडव्या गेलेल्या दिसतील, एकमेकींना क्रॉस करून. याच त्या स्प्रिंगा, टॉर्शन बार म्हणतात. गोल वेटोळ्यांची स्प्रिंग शोधत बसू नका, मी बसलो होतो. ओली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी तशी ही सळी पिळली जाते, एक टोक बिजागरीच्या वाकड्या दांड्यात अडकवलेलं आणि दुसरं पलीकडच्या ब्रॅकेटच्या खाचेत. डिकी बंद केली की पीळ वाढतो, उघडली की कमी होतो. आता असली सळी एका दिवसात काय नरम पडत नाही की, त्यामुळं आधी स्वतःला विचारा, गाडीत नवीन काय केलंय?

मी दिवाळीत स्पॉयलर, म्हणजे डिकीच्या झाकणावरची ती शोभेची पट्टी, बसवला होता. वजन किरकोळ, पण बसतो झाकणाच्या पार टोकाला, बिजागरीपासून सगळ्यात लांब. घागर कडेवर घेतली तर मैलभर जाता येतं, तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटात खांदा भरून येतो, तसलाच प्रकार. कुणी आतून आवाज कमी करणारी जाड डॅम्पिंग शीट मारून घेतं, कुणाच्या डिकीला मागून ठोकर बसून पत्र्याचं काम झालेलं असतं आणि बिजागरी जराशी वाकडी राहिलेली असते. कधी तर नुसती बिजागरीत धूळ आणि वाळलेलं ग्रीस. आपल्याकडं धूळ किती ते सांगायची गरज नाही. आधी साफ करून ग्रीस लावा, दहा वेळा उघडझाप करा, मग बघा. झाकण अर्ध्यावर सोडून बघा, पूर्ण वर नेऊन बघा, आणि दोन्ही सळ्या खाचेत बसल्यात का तेपण बघा, कधीकधी एक सटकलेली असते आणि सगळा भार दुसरीवर असतो.

आणखी एक, डिकी नीट लॉक होत नाही म्हणून बरेच जण स्प्रिंग ढिली करायला जातात. लॉक न लागणं हा बहुतेक वेळा कडीचा, कडी ज्यात अडकते त्या स्ट्रायकरचा नाहीतर कोपऱ्यातल्या रबरी बुशचा विषय असतो, तिथं स्प्रिंगला छळून उपयोग नाही.

आता माझी मोठी चूक. रविवारी दुपारी, घरापुढं, हातात एक पकड. अंगात चप्पल-बनियन, चष्मा नाही, ग्लोव्हज नाहीत, आणि डिकी अर्धवट उघडी कारण ऊन तोंडावर येत होतं. सळीचं टोक पकडीत धरलं, खाचेतून जरा उचललं, आणि पकड घसरली. आवाज असा आला की शेजारचे काका गॅलरीत आले. टोक माझ्या मनगटाजवळून गेलं, दिव्यामागच्या पत्र्याला पोचा पाडला, पकड उडून नालीत. काका वरूनच म्हणाले, "का बे, हात हाय ना जागेवर?"

तर नीट लक्षात घ्या. हे काम डिकी पूर्ण उघडी असतानाच करायचं, कारण तेव्हा सळीत पीळ सगळ्यात कमी असतो. सळी खाचेतून सुटली की झाकणाला आधार राहत नाही, म्हणून खाली भक्कम लाकडी टेकू द्या, जोडीला एक माणूस धरायला पाहिजेच. पकड आणि स्क्रू ड्रायव्हर विसरा. सळीच्या वाकलेल्या टोकावर घट्ट बसेल असा लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, त्यानं पकड पक्की मिळते आणि हात लांब राहतो. टोक ज्या बाजूला उसळेल तिथं तोंड न्यायचं नाही. डोळ्याला चष्मा. बिजागरीजवळून वायरिंग जातं ते आधी बाजूला करा. आणि सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली सळी कुठल्या खाचेत होती ते, नंतर आठवत नाही.

ब्रॅकेटला एकापुढं एक खाचा असतात, सळीचं टोक जास्त पिळाच्या खाचेत नेलं की झाकण उचलायचा जोर वाढतो. पण खाच एकावेळी एकच बदलायची. मी रागात दोन बदलल्या, एकाच बाजूच्या. झालं काय, बटण दाबलं की झाकण उसळून हनुवटीवर यायला लागलं, आणि बंद करताना तिरकं बसायचं, उजवीकडची फट बोटभर. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं, त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "मालक, दोघी बहिणी हायत ह्या, एकीला दिलं की दुसरीला द्यायचं." दोन्हीकडं एकेक खाच, पाच मिनिटात काम संपलं.

सळी तापवून वाकवणं, कापणं, तिच्यावर वेल्डिंग, हे कुणी सुचवलं तर गाडी घेऊन घरी या. नुसत्या खोल ओरखड्यातून नाहीतर गंजातून पण अशी सळी पुढं तुटू शकते.

हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल तर तिथं बहुतेक गॅसचे शॉकप, म्हणजे झाकण वर धरणारे सिलिंडर आणि दांडीचे टेकू, असतात आणि त्यात अॅडजस्ट करायला काही नसतं, गेले की बदलायचे, जोडीनंच. इथं सोलापूरवाले फसतात ते असं: आत नायट्रोजन जाम प्रेशरनं भरलेला असतो आणि उन्हानं तो तापला की जोर वाढतो. मे महिन्यात ४३ डिग्रीला आणि जानेवारीच्या पहाटे १५ डिग्रीला त्याच शॉकपच्या जोरात साधारण १० टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे उन्हाळ्यात टुणटुणीत वाटलेला शॉकप थंडीत डोक्यात पडतो. तपासायचा तर सकाळी तपासा. नवीन घेताना सिलिंडरवर छापलेला न्यूटनचा आकडा जुन्याशी जुळवा, बसवताना दांडी खालच्या बाजूला ठेवा म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. जुना शॉकप कापायचा नाही, जाळायचा तर अजिबात नाही.

मी नंतर स्पॉयलर काढूनच टाकला आणि सळ्या परत जुन्या खाचेत नेल्या, तेव्हा एक गंमत सापडली. सहा महिने होटगी रोडला मागून खडखड यायची, मी दोनदा सस्पेन्शन खोलून घेतलं होतं. दोन्ही सळ्या क्रॉस होतात तिथली रबरी क्लिप निघाली होती, तेवढंच.