डेम्यान्युकवर लिहिताय? या चुका टाळा

जॉन डेम्यान्युकवरचं लेखन वाचताना बऱ्याचदा मथळ्यातच ठेच लागते: 'नाझी अधिकारी'. तो जर्मन नव्हता आणि अधिकारी तर नव्हताच. युक्रेनचा, लाल सैन्यातला साधा शिपाई. १९४२ मध्ये क्रिमियात जर्मनांच्या हाती लागला आणि पोलंडमधल्या त्राव्निकीच्या जर्मन प्रशिक्षण तळावर छावण्यांचा पहारेकरी म्हणून तयार झाला.

सगळीकडे 'छळछावणी' लिहू नका. सोबिबोर, जिथे तो पहाऱ्यावर असल्याचा आरोप होता, ही मृत्युछावणी होती. आगगाडीतून उतरवलेल्या बहुतेकांना काही तासांत विषारी वायूने मारलं जाई. 'तो फक्त पहारा द्यायचा' हा बचाव तिथे लंगडा का पडतो, ते यावरून कळतं.

सगळ्यात मोठा घोळ दोन खटल्यांच्या खिचडीचा. जेरुसलेममध्ये आरोप होता की हाच ट्रेब्लिंका या दुसऱ्या मृत्युछावणीतला 'इव्हान द टेरिबल', वायुकोठडीचं इंजिन चालवणारा. १९८७ मध्ये साक्षीदार एलियाहू रोझेनबर्ग यांनी त्याला चश्मा काढायला लावला, जवळ जाऊन डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, हाच तो. डेम्यान्युकने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा ते किंचाळून मागे सरले. पण याच रोझेनबर्ग यांनी १९४७ च्या जबानीत इव्हान छावणीतल्या कैद्यांच्या उठावात मारला गेल्याचं सांगितलं होतं! म्हणून त्यांना खोटारडे ठरवायची घाई नको. चाळीस वर्षांनी चेहरा ओळखणं सोपं नसतं. १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे सोव्हिएत दप्तरांत 'इव्हान द टेरिबल' म्हणून इव्हान मार्चेन्को हे दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं आणि १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन डेम्यान्युकला सोडलं.

इथे 'निर्दोष होता' लिहून थांबलात की फसलात. त्राव्निकीच्या १३९३ क्रमांकाच्या ओळखपत्रावर सोबिबोरची नेमणूक आहे. शिवाय अमेरिकेत जाण्यासाठी भरलेल्या अर्जात त्याने स्वतःच युद्धकाळातला मुक्काम सोबिबोर लिहिला होता, तोही शेतकरी म्हणून. २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने २८ हजारांहून अधिक खुनांत साथ दिल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपील चालू असतानाच, मार्च २०१२ मध्ये तो वारला. त्यामुळे 'शिक्षा भोगली' चूक आणि 'गुन्हा सिद्ध झाला' एवढंच लिहिणंही अपुरं. निकाल अंतिम झालाच नाही, हे वाक्य हवंच.

आणि प्रकरण त्याच्या मृत्यूपाशी तोडू नका. प्रत्यक्ष कोणाला मारलं हे सिद्ध न करताही दोषी धरायची म्युनिकची वाट पुढे ऑस्कर ग्रोनिंगपर्यंत गेली. २०१५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ऑश्विट्झमध्ये तो मारलेल्यांचे पैसे मोजायचा.