हरभऱ्याच्या हंगामात दहावीची तयारी

विदर्भातील खेड्यांत दहावीची परीक्षा हरभरा-गव्हाच्या सोंगणीच्या तोंडावर येते, म्हणून शेतात कोणत्या दिवशी जावे लागेल हे घरच्यांशी आधीच ठरवून मगच वेळापत्रक आखावे. बीजगणित आणि भूमिती यांच्या प्रत्येकी 40 गुणांच्या प्रश्नपत्रिका दोन तासांच्या असल्याने, नुसते वाचत न बसता घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवावी. भीती कमी करण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. लेखी सराव पहाटे ठेवावा, तसेही फेब्रुवारीनंतर दुपारी टिनाच्या छताखाली बसवत नाही. मन लागत नसेल तर एकच उदाहरण हाती घ्यावे. झोप मात्र कमी करू नये. धडधड किंवा रडू थांबतच नसेल, तर शिक्षकांना सांगावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.