स्क्लेरल लेन्स: सगळं अडतं ते बुडबुड्यावर

दर अर्ध्या तासाला थेंब घालूनही डोळ्यांची चरचर थांबत नसेल, वावरात उन्हा-वाऱ्यात डोळे उघडवत नसतील, तर डॉक्टर स्क्लेरल लेन्स सुचवतात. शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार) किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन (बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने त्वचा आणि डोळ्यांना इजा करणारा आजार) झालेल्यांना तिचा मोठा आधार होतो. ही लेन्स साधारण 15 ते 20 मिमीची असते, कडक, पण प्राणवायू आरपार जाऊ देणारी. कडा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळाला लागत नाही, आणि मधल्या पोकळीत सलाईन साठून राहतं. आराम मिळतो तो या सलाईनमुळे.

माप प्रत्येक डोळ्याचं वेगळं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अशा लेन्स बसवून देतात. यवतमाळ-चंद्रपूरकडून जाणार असाल तर मुक्कामाच्या तयारीनेच निघा, कारण लेन्स काही तासांत आणखी खाली बसते आणि ती पुन्हा तपासावी लागते.

घरी बेसिन नसलं तरी चालतं. ताटात धुतलेलं मऊ कापड पसरा, त्यावर आरसा आडवा ठेवा. साध्या साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नवा टॉवेल नको, त्याचे तंतू लेन्सला चिकटतात. कापूस वेचून आल्यावर तर बोटं नीट पाहूनच लेन्सला हात लावा.

लेन्स मोठ्या प्लंजरवर (लेन्स चोखून धरणाऱ्या रबरी दांडीवर) बसवा आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं 0.9 टक्के सलाईन काठोकाठ भरा, वर फुगीर दिसेल इतकं. हनुवटी छातीला लावून चेहरा जमिनीशी समांतर करा, दोन्ही पापण्या बोटांनी ताणून धरा आणि लेन्स सरळ वर न्या. थोडं सलाईन सांडलंच पाहिजे. मान तिरकी झाली किंवा मध्येच डोळा मिचकावला की हवा शिरते. आरशात बुडबुडा दिसला तर लेन्स काढा आणि नव्याने भरा. तो आपोआप जात नाही. त्याच्याखालचं बुबुळ कोरडं पडतं आणि नजरही अंधुक होते.

काढताना लहान प्लंजर सलाईनने ओला करून लेन्सच्या कडेजवळ लावा आणि कड उचला. मधोमध लावून ओढलं तर लेन्स चोखून धरते आणि डोळा दुखावतो.

दुपारी धूसर दिसू लागलं तर बहुधा आतल्या सलाईनमध्ये कचरा जमलेला असतो. लेन्स काढून, सलाईनने धुऊन पुन्हा भरा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हे जास्त होतं. सलाईनच्या लहान, एकदाच वापरायच्या कुप्या घ्या. मोठी बाटली फोडून आठवडाभर पुरवू नका.

बोअरचं, मडक्यातलं, आरओचं, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लागू देऊ नका. पाण्यातला अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळ पोखरतो. म्हणून आंघोळ आधी, लेन्स नंतर. रात्री लेन्स काढून सांगितलेल्या द्रावणात ठेवा, ते द्रावण रोज बदला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं असेल तर त्याच्याच डबीत किमान 6 तास ठेवा. ते थेट डोळ्यात गेलं तर भाजतं.

फवारणीच्या दिवशी लेन्स घालू नका. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स लगेच काढा, डबीत घालून सोबत घ्या आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. बुरशीचा जंतुसंसर्ग असेल तर तो त्याने भडकतो.