रस्त्यावरचं मांजर घरी आणलंय? घर लावताना या चुका टाळा

"आठवडा झाला, पलंगाखालून बाहेरच येत नाही." "एवढी खेळणी आणली, ढुंकून बघत नाही." रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजराबद्दल या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. बाहेर जगलेलं मांजर नव्या जागेत आधी आडोसा शोधतं, मग उंचवटा आणि मग निसटायची वाट. एवढं सापडलं की त्याला खेळ सुचतो. आपण मात्र पहिल्या दिवशी खेळण्यांचं दुकान गाठतो.

सगळं घर एकदम मोकळं सोडणं

सुरुवातीला एकच खोली द्या. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला किमान दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवायलाच हवं, भांडी आणि लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, ट्रेसुद्धा वेगळा. पॅनल्यूकोपेनिया या आजाराचा विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो आणि पिल्लांचा जीव घेतो, म्हणून आधीच्या मांजराचं लसीकरण अगोदर उरकून घ्या. त्या खोलीची फरशी काळ्या फिनेलने पुसू नका. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत, आणि फरशीवर पडलेलं सगळं पंजे चाटताना पोटात जातं.

लपायची जागा बुजवणं

पलंगाखाली ट्रंका सरकवायच्या, म्हणजे मांजर आपसूक माणसात येईल, असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच. लपायला जागा नसलेलं मांजर सतत धास्तावलेलं राहतं, खात नाही, कोपऱ्यात गेलं की पंजा मारतं. त्याला ओढून बाहेर काढणं तर अजिबात नको. जवळ जमिनीवर बसा, हळू आवाजात बोला, खाऊ ठेवून उठून जा.

आडोशाला दोन तोंडं असावीत. पुठ्ठ्याच्या खोक्याला एकच भोक पाडलं आणि तिथं घरातलं पोर किंवा दुसरं मांजर येऊन बसलं, की आतलं मांजर अडकतं. कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांत ही सोय बांधलेलीच असते: कोनाडे, जिन्याखालची जागा, फडताळाचा खालचा कप्पा. फ्लॅटमध्ये कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दार किलकिलं ठेवलं तरी भागतं.

आता उंची. फळी दहा-बारा इंच रुंद हवी, नाहीतर मांजराला तिच्यावर अंग टाकता येत नाही. दोन फळ्यांत फूट-दीड फूट अंतर पुरे. तीन पायांचं किंवा वयस्क मांजर असेल तर त्याहून कमी. गुळगुळीत सनमायकावर पाय घसरतो, म्हणून वर जुन्या सतरंजीचा तुकडा घट्ट चिकटवा. चढायची वाट एक आणि उतरायची दुसरी ठेवली, तर दोन मांजरं वाटेत समोरासमोर येऊन भांडत नाहीत. घर कौलारू असेल तर माळ्यावर जाऊ देण्याआधी कौलांखाली जाळी मारून घ्या. सैल कौल डोक्याने सारून मांजर छपरावर पोचतं.

कोल्हापुरात महाद्वार रोड किंवा पापाची तिकटी यांच्या आसपास, मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्यांनी गणपती विसर्जनाचा विचार आधीच करावा. आडोशाची खोली रस्त्यापासून सर्वांत आतली निवडा आणि मिरवणुकीच्या कितीतरी आधीपासून मांजराला तिथं जेवायची सवय लावा. ढोल वाजायला लागल्यावर नवी जागा दाखवून उपयोग नसतो. दिवाळीलाही हीच खोली कामी येते.

मच्छरदाणीच्या जाळीवर भरवसा ठेवणं

खिडकीची नायलॉन जाळी नखांनी सहज फाटते, आणि नेहमीच्या ग्रिलच्या फटीतून डोकं गेलं की मांजर निघालंच. उंचावरून पडलेलं मांजर पायावर उतरतं खरं, पण जबडा, छाती आणि पाय मोडतात. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची किंवा त्याहून बारीक वेल्डेड जाळीची चौकट करून घ्या आणि ती स्क्रूने बसवा. त्या खिडकीशी एक फळी ठोकली की करमणुकीची निम्मी सोय झाली. चिमण्या, खारी, पागोळ्यांचं पाणी बघण्यात मांजराची दुपार निघून जाते.

नखं घासायला बुटका, डुगडुगता खांब

मांजर उभं राहून, अंग पूर्ण ताणून नखं घासतं. खांब किमान अडीच-तीन फूट उंच आणि बूड जड हवं. हलणाऱ्या खांबाला ते पुन्हा हात लावत नाही. लाकडी ओंडक्याला काथ्या घट्ट गुंडाळा, नाहीतर फळीवर गोणपाट ताणून ठोका. ते गॅलरीत ठेवू नका, सोफ्याचा जो कोपरा ओरबाडला जातो तिथंच ठेवा. दारातल्या कोल्हापुरी चपला मात्र बंद कपाटात, कारण चामड्यावर नख छान रुततं.

खेळ अर्धवट सोडणं

शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, असा मांजराचा क्रम असतो. लेझरच्या ठिपक्यामागे नुसतं पळवलं तर हातात काहीच येत नाही आणि ते चिडचिडं होतं. पहाटे किंवा तिन्हीसांजेला काठीला बांधलेलं पीस दहा मिनिटं नाचवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. काठी नंतर उचलून ठेवा. दोरा, मांजा, रिबन जिभेवरच्या उलट्या काट्यांमुळे थुंकता येत नाही. आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

लिटरचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, जेवणापासून आणि वॉशिंग मशीनपासून लांब. आणि लिली घरात नकोच, गुच्छातलीही नको. तिचे परागकण चाटले तरी किडनी निकामी होते.

पिंजरा माळ्यावर टाकून देणं

फक्त डॉक्टरकडे नेताना निघणारा पिंजरा बघून मांजर पळणारच. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा लोकांना घाईने घरं सोडावी लागली. अशा वेळी घाबरलेलं मांजर पकडणं फार कठीण. पिंजरा बारा महिने दार उघडं ठेवून खोलीतच असू द्या, आत त्याच्या अंगाचा वास असलेलं फडकं घाला, अधूनमधून खाऊ आतच ठेवा. लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिंजऱ्याच्याच मुठीला बांधून ठेवा.