रेकॉर्डचा संग्रह कमी करताना या चुका टाळा

गोव्यातली जुनी कौलारू घरे वाटणीत जातात, किंवा म्हातारपणी एवढे मोठे घर झेपत नाही म्हणून कुटुंब पर्वरीतल्या, फोंड्यातल्या किंवा मडगावातल्या फ्लॅटमध्ये राहायला जाते, तेव्हा फडताळातल्या तबकड्यांचा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि सर्वांत घाईने मिटवला जातो. शंभर एलपी, म्हणजे मोठ्या लाँग-प्ले तबकड्या, कव्हरांसह वीस ते पंचवीस किलो भरतात, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरात सातशे-आठशे तबकड्यांना जागा नसते हे उघड आहे. काही तबकड्या द्याव्या लागणार, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. दुःख याचे वाटते, की घाईत नेमक्या राहायला हव्यात त्याच जातात आणि कोणत्याही दुकानात पुन्हा मिळाल्या असत्या त्या जपल्या जातात. तबकडीची प्रसिद्धी, तिचा ऐकीव भाव आणि कव्हरची अवस्था या तीन गोष्टी निर्णयात सर्वांत पुढे येतात. त्याऐवजी प्रत्येक तबकडीपुढे दोन प्रश्न ठेवावेत. हा आवाज दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतो का, आणि आपल्या घरात तो कोणी लावून ऐकणार आहे का?

निवडीला पावसाळ्यात बसू नये, हे आधीच सांगितले पाहिजे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते, की कव्हरे मऊ पडतात, त्यांना बुरशीचा वास येतो आणि त्या वासानेच चांगल्या तबकड्या टाकाऊ ठरतात. चतुर्थीला भावंडे, पुतणे, भाचे सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा कोणाला काय हवे ते विचारून लिहून ठेवावे. प्रत्यक्ष निवड मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावी.

चुकीच्या सुईवर तबकडी नापास करणे

सर्वांत जास्त तबकड्या या एका चुकीमुळे घराबाहेर जातात. वर्षानुवर्षे बंद असलेला प्लेअर माळ्यावरून काढला जातो, जुन्याच सुईवर चार तबकड्या लावल्या जातात, सगळ्यांतून खरखर येते, आणि "रेकॉर्डी खराब झाल्या" असा निकाल लागतो. वस्तुतः झिजलेली सुई निर्दोष तबकडीलाही खराब भासवते आणि तेवढ्यावर न थांबता तिच्या खाचा कायमच्या खरवडते. हिऱ्याची सुई साधारणपणे काही शे तास चालते, नीलमाची त्याहून बरीच कमी. सुई शेवटची कधी बदलली हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर ती झिजलेली आहे असे धरून चालावे आणि निवडीआधी नवी बसवून घ्यावी.

दुसरी गफलत मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांबाबत होते. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचे असते, तर ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत फिरत राहते, आणि आपण ऐकतो तो गायकाचा आवाज नसून बव्हंशी त्या धुळीचा असतो. सुटी ७८ ची सुई बसणारे कार्ट्रिज (प्लेअरच्या दांड्यावरचा सुई धरणारा भाग) मिळते, आणि घरात अशा तबकड्या लक्षणीय संख्येने असतील तर तेवढा खर्च करूनच त्यांचा न्याय करावा. प्लेअरला ७८ ची गती नसेल, तर योग्य सुई लावून तबकडी ४५ वर वाजवावी, संगणकावर उतरवून घ्यावी आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत गती वाढवून ऐकावी. निवडीपुरते तेवढे पुरते.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. चावीचा जुना ग्रामोफोन चालू स्थितीत आहे म्हणून हौसेने त्यावर एलपी लावून पाहणारे लोक आहेत. त्या ग्रामोफोनचा पोलादी सुई धरणारा साउंडबॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, तर एलपीला दीड ते तीन ग्रॅम पुरतात. अशा एकाच वादनात एलपी कामातून जाते.

मळ आणि जखम यांत फरक न करणे

तबकडी खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात धरावी. पृष्ठभागावर पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बहुतेक बुरशी असते आणि ती धुतली जाते. बारीक, कोळ्याच्या धाग्यासारख्या रेषा दिसतात पण नखाला लागत नाहीत, त्या कव्हरमधून आतबाहेर काढल्याने पडलेल्या असतात आणि वाजवताना पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. नख हलकेच आडवे फिरवल्यावर ते अडकले, तर तो खरा ओरखडा. तेथे दर फेरीला टक् असा आवाज येतो किंवा तबकडी अडकते. तरीही सबंध बाजूत एका गाण्याच्या सुरुवातीला दहा-बारा वेळा टक् ऐकू येणे हे तबकडी टाकण्याचे कारण मी मानत नाही, विशेषतः ते गाणे अन्यत्र मिळत नसेल तर.

धुण्याच्या बाबतीत एक नियम काटेकोरपणे पाळावा. ७८ च्या तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी आणलेले आयसोप्रोपिल मिश्रण किंवा दवाखान्यातले स्पिरिट त्यांना लावले, तर खाचाच पुसल्या जातात. ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे आणि लगेच टिपून घ्यावे. तडा गेलेली असेल तर पाण्यात घालूच नये, कारण काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो आणि तो फुगतो. बुरशीचे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून करावे. साफ झालेली तबकडी जुन्या पाकिटात परत घालणे म्हणजे बुरशी परत घालणेच होय, म्हणून आतले पाकीट नवे घ्यावे. कव्हर वाळवीने किंवा कसरीने खाल्ले असेल तर ते फेकावे लागेल, पण तेवढ्यासाठी आतली तबकडी फेकू नये. आणि फेकण्यापूर्वी कव्हरमध्ये नेमकी कोणती तबकडी आहे ते पाहावे. पन्नास वर्षे वापरलेल्या संग्रहात अदलाबदल झालेली नाही असे घर विरळाच.

ऐकीव भावावर निर्णय घेणे

इंटरनेटवर एखाद्या तबकडीपुढे हजारोंचा आकडा दिसतो तो बहुतेक वेळा विक्रेत्याने मागितलेला भाव असतो. प्रत्यक्ष व्यवहार किती रुपयांना झाला हे पाहायचे, तर विकल्या गेलेल्या वस्तूंची नोंद दाखवणारी संकेतस्थळे पाहावीत, आणि तेथेही आपल्या प्रतीची अवस्था प्रामाणिकपणे लावून पाहावी. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी प्रचंड संख्येने निघाल्या होत्या. त्या सर्वांना आठवतात म्हणून त्या मौल्यवान असतील असे वाटते. खरे तर त्याच सर्वांत सहज मिळतात, आणि जागा करायची असेल तर प्रथम त्यांच्याकडेच वळावे. अर्थात ज्या गाण्यांवर घरातल्यांचा जीव आहे ती ठेवावीत, त्यासाठी बाजाराला विचारण्याची गरज नाही.

आपल्याच मातीतला आवाज किरकोळ समजणे

हा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोव्यातल्या जुन्या घरांमधल्या संग्रहांत चार भाषा शेजारी शेजारी असतात. नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या मराठी-हिंदी तबकड्या असतात, कोकणी गीतांच्या आणि तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातल्या गाण्यांच्या असतात, क्वचित १९६१ पूर्वी आलेल्या पोर्तुगीज फादो गीतांच्याही असतात. निवडीला बसलेली तरुण मंडळी मोठ्या, चकचकीत एलपी बाजूला ठेवतात आणि सात इंची ईपींचा गठ्ठा "किरकोळ" म्हणून भंगारात घालतात. त्या लहान तबकडीत, ४५ फेऱ्यांवर, दोन्ही बाजूंना मिळून दोन ते चार गाणी मावत, आणि ख्रिस पेरी, लॉर्ना, आल्फ्रेड रोझ या गायक-संगीतकारांच्या काळातले कोकणी संगीत मोठ्या प्रमाणात अशाच तबकड्यांवर घरोघर पोहोचले. मोठी नावे आज इंटरनेटवर ऐकता येतात. पण त्यांच्या आजूबाजूला गाणारे, एखाद-दुसरी तबकडी काढून थांबलेले जे कलावंत होते, त्यांचा आवाज कदाचित तुमच्या त्या गठ्ठ्यातच असेल. नाव ओळखीचे नाही, म्हणून तबकडी दिली, असे कधीही होऊ नये. उलट, अनोळखी नावाची तबकडी आधी वाजवून पाहावी.

शास्त्रीय संगीतातही हेच तारतम्य लावावे लागते. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची व्यापारी ध्वनिमुद्रणे त्यांच्या योग्यतेच्या मानाने फार थोडी आहेत. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे आणि कुठेही ऐकता येते. त्यांच्या इतर ७८ ची प्रत घरात असेल, तर ती भेगाळलेली असली तरी देण्याच्या ढिगात टाकू नये. मास्टर दीनानाथांची नाट्यपदे पुढे एलपीवर पुन्हा निघाली, त्यामुळे निव्वळ आवाजाच्या हिशेबाने त्यांची मूळ तबकडी तितकी एकमेव राहत नाही. दीनानाथांच्या मंगेशी गावाच्या आसपासचे घर ती तरीही ठेवील, आणि ते योग्यच आहे.

"दोनदोन आहेत" म्हणून एक काढून टाकणे

सारखी दिसणारी प्रत खरोखर सारखी आहे का, हे तपासल्याशिवाय देऊ नये. ७८ च्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात बसवलेला राग आणि त्याच गायकाने पुढे एलपीवर वीस मिनिटे मांडलेला तोच राग या दोन वेगळ्या मैफली आहेत. नाटकाच्या पदांबाबतही मूळ नटाची तबकडी आणि पुढच्या पिढीतल्या गायकाची तबकडी यांवर पदाचे नाव एकच असते. लेबलावरचा क्रमांक जुळवून पाहावा, आणि त्याहून खात्रीचा म्हणजे लेबल आणि शेवटची खाच यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचावा. तो वाचायला भिंग आणि बाजूने पडणारा उजेड लागतो. दोन्ही प्रतींवर तोच क्रमांक असेल तर ध्वनिमुद्रण बहुधा एकच समजावे. मग दोन्ही वाजवून, अधिक स्वच्छ वाजते ती ठेवावी. कव्हर दुसरीचे चांगले असेल तर कव्हर बदलून घ्यावे.

सगळेच उतरवून घेऊ, असे म्हणणे

तबकडी देण्याआधी तिचा आवाज संगणकावर उतरवावा, हा सल्ला योग्य आहे. पण सरसकट पाळायला गेल्यास निवडच ठप्प होते. एका एलपीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे वाजवण्यात जातात, शिवाय साफसफाई आणि नोंदी वेगळ्या. तीनशे एलपींचे सव्वादोनशे तास होतात, आणि तेवढा वेळ कोणाजवळ नसतो. म्हणून जे दुसरीकडे सापडत नाही तेवढेच उतरवावे. बाकीच्यांच्या लेबलांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कव्हरवर आजोबांच्या हातचे खरेदीचे साल, लग्नात आहेर म्हणून दिल्याची ओळ किंवा दुकानाचा शिक्का असेल, तर त्याचेही छायाचित्र घ्यावे. पुष्कळांची ओढ त्या हस्ताक्षराशी असते आणि ते टिकले की तबकडी देणे सोपे जाते.

निर्णय होत नसलेल्या तबकड्यांसाठी एकच खोके ठेवावे. ते भरले, की नवी तबकडी घालण्याआधी आतली एक बाहेर काढायची. दुसरे खोके केले, तर संग्रह कमी होत नाही.

कुठे द्यायच्या, हे शेवटी ठरवणे

देण्याचा ढीग तयार झाल्यावर घाईने भंगारवाल्याला बोलावू नये. त्याच्याकडे तबकडीचा हिशेब वजनाने होतो आणि ती पुढे कोणाच्या हाती लागेल याची शाश्वती नसते. ग्रंथालयाला किंवा संगीतसंस्थेलाही न विचारता खोकी नेऊन देऊ नयेत. ओल आवरणारी खोली आणि वाजवण्याची सोय नसेल, तर तेथे त्या आपल्या माळ्यापेक्षा लवकर खराब होतील. आधी यादी पाठवावी, काय घेणार आणि कसे ठेवणार ते विचारावे, आणि लेखी होकार मिळाल्यावरच द्याव्यात. दुर्मिळ ७८ साठी मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेकडे चौकशी करता येते. विक्री करायची असल्यास चांगल्या दहा-वीस तबकड्या वेचून देऊ नयेत, कारण उरलेल्या मग कोणी घेत नाही. चांगल्या-साधारण मिळून पन्नासेकांचे गट केले, तर सगळ्यांना वाट मिळते.

नेताना तबकड्या खोक्यात उभ्याच ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. एका खोक्यात चाळीस-पन्नासपेक्षा अधिक एलपी भरल्या तर खोके उचलताना तळ फाटतो. लाखेच्या तबकड्यांमध्ये जाड पुठ्ठा घालावा, कारण त्या काचेसारख्या फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत म्हापशाला किंवा पणजीला जाताना वाटेत जेवायला थांबून गाडी उन्हात उभी करू नये. बंद गाडीतल्या उष्णतेने एलपी थोड्याच वेळात वाकते, आणि कडेला आलेला बाक पुढे सरळ होत नाही. दुपार टाळून सकाळीच निघावे, आणि पोहोचल्यावर घेणाऱ्यासमोर यादीशी एकेक तबकडी जुळवून द्यावी.